आईला शिकवलेलं वाक्य

“एक्क्याऐंशी दिवे, हेमा. चांदीच्या ताटात. गुरुजींशी बोलणं झालंय, कार्यालयही धरलंय,” दादा म्हणाला.

मी आईला कुशीवर वळवून तिच्या पाठीला पावडर लावत होते. दादा दारात उभा होता, आत येत नव्हता. पुण्याहून गाडीनं बार्शीला आला की तो दारातूनच मोठ्यानं विचारायचा, “काय आई, कशी आहेस?” जणू अर्धांगवायूनं तिचे कानच गेले होते. आई त्याच्याकडे बघायची. मग तो बाहेर ओट्यावर जाऊन पेपर उघडायचा.

“सहस्रचंद्रदर्शन काही पुन्हा पुन्हा येत नाही,” तो पुढे म्हणाला. “सगळ्यांना बोलावू. लातूरहून अण्णामामा, वैजूच्या माहेरचे, माझ्या ऑफिसातले. लोकांना दिसू दे, आपण आईचं कसं करतो ते.”

“आपण,” मी म्हटलं.

“हो, म्हणजे तू आहेसच.”

मी आईच्या पाठीशी उशी लावली, हात धुतले आणि दाराशी आले.

“दादा, माझ्या डोळ्यांचं काय करायचं? मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात, आता थांबू नका. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. तेवढे दिवस आईला तुझ्याकडे ने.”

हे मी त्याला फोनवर विचारलं होतं, मागच्या भेटीतही विचारलं होतं. त्यानं पेपरची घडी घातली.

“अगं, आमचा तिसरा मजला. लिफ्ट नाही. त्यात वैजूची पाठ.”

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “वन्सं, तुमच्या हाताला जी सवय झालीय ना, ती आम्हाला कुठून येणार? आईंना तुमच्याशिवाय कुणाचं चालतच नाही.”

“आणि मोतीबिंदू काय,” दादा म्हणाला, “सहा महिन्यांनी काढला तरी तोच असतो. पळून जातोय थोडाच!”

आणि तो हसला. वहिनीही हसल्या. दादाचा स्वभाव दुष्ट नव्हता. आपण विनोद केला आणि विषय संपला, असं त्याला मनापासून वाटलं होतं. मी त्यांना जेवायला वाढलं. दादानं कढी दोनदा मागून घेतली. दुपारी ते निघून गेले. त्यांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ओट्यावर उभी होते. मला ती गाडी दिसत नव्हती, नुसता एक पांढरा ठिपका धुक्यात विरघळल्यासारखा दिसला. त्या ठिपक्याकडे बघताना मी मनाशी ठरवलं, की हे हसणं मी परत करणार.

मी बार्शीच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला. आईला झटका आला आणि तिचं उजवं अंग गेलं, तेव्हा मुदतीआधीच नोकरी सोडली. मी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे आईचं कोण करणार हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. ती दुपारी झोपली की मी ओट्यावर गल्लीतली पोरं बसवायची. शाळेत ज्यांना जमत नाही, ज्यांना मास्तर मागच्या बाकावर ढकलतात, अशी सात-आठ पोरं. त्या दोन तासांवर मी उरलेला दिवस काढायची. पण डोळे गेले तशी मुलांची पाटी मला नाकाला लावून बघावी लागू लागली. पोरं फिदीफिदी हसायची. मग एका मुलीची आई येऊन म्हणाली, “बाई, राग मानू नका, पण तुम्हाला आता दिसत नाही. पोरगी चुकीचं गिरवून घरी येते.” तिचं बरोबर होतं. दिवाळीनंतर ओटा रिकामा झाला.

शेजारी शेवंताबाईंची पिठाची गिरणी होती. विधवा बाई, गिरणी एकटी चालवायची. आईला उचलून खुर्चीत बसवायचं झालं की मी भिंतीवर थाप मारायची आणि ती भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या तशीच धावत यायची. तिच्या दंडात पोती उचलायची ताकद होती. त्या संध्याकाळी ती आली, आईला खुर्चीत ठेवलं आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली,

“बाई, तुमचा भाऊ सोन्याचं ताट आननार म्हनं.”

“चांदीचं.”

“आन् त्या ताटात काय, तुमचं डोळं ठिवनार व्हय?”

मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. “काय करू शेवंताबाई? मी मागते आणि तो हसतो.”

“तुम्ही मागताय म्हून हसतोय. म्हातारी मागंल तवा हसून दाखवू द्या की. तेबी चारचौघांत.”

“आई कुठे बोलते?”

“आता गं बाई!” शेवंताबाईनं कपाळाला हात लावला. “गावातली निम्मी पोरं तुम्ही बोलती केली. आमचा तुक्या तोतरा व्हता, आता नगरपालिकेत भाषणं ठोकतोय. म्हातारी काय तुक्यापेक्षा ढ हाय?”

आई खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होती. झटक्यानंतर तिची वाचा गेली होती. नंतर तुटके तुटके दहा-बारा शब्द परत आले होते. “नको”, “पुरे”, “बाई” असे. समोरच्याचं सगळं तिला कळायचं, पण स्वतःचे दोन शब्द एकमेकांना जोडता यायचे नाहीत. मात्र गाणं शाबूत होतं. सकाळी मी केस विंचरायला लागले की ती जात्यावरच्या ओव्या अख्ख्या म्हणायची, एक शब्द न अडखळता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाणं आणि बोलणं डोक्यात वेगवेगळ्या जागी राहतं, एक जागा बिघडली तरी दुसरी चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले.

वाक्य निवडताना मी पुष्कळ विचार केला. ते लहान हवं, त्यात जोडाक्षरांचा भरणा नको, आणि ऐकणाऱ्याला पळायला वाट नको. “मला कंटाळा आलाय” म्हटलं असतं तर दादानं टीव्ही पाठवला असता. “हेमा दमलीय” म्हटलं असतं तर सगळ्यांनी माझं कौतुक केलं असतं आणि जेवायला बसले असते. शेवटी ठरवलं: “श्रीनिवास, मला पुण्याला ने.” दादाचं नाव सुरुवातीला. नाव घेतलं की माणसाला दुसऱ्याकडे बघता येत नाही.

पहिले काही दिवस फक्त “पु”. तिच्या ओठांसमोर कापसाचा बोळा धरायचा आणि तो उडेपर्यंत ओठ मिटून फुंकायचं. पहिल्यांदा बोळा उडाला तेव्हा ती स्वतःच दचकली. मग मी वाक्य ओवीच्या चालीत बसवलं. तिचा डावा हात हातात घेऊन खुर्चीच्या दांडीवर ठेका धरायचा आणि म्हणायचं. आधी मी, मग दोघी, मग ती एकटी. चालीवर यायला लागल्यावर हळूहळू चाल काढून घ्यायची, जसा मूल सायकल शिकताना आपण मागचा हात अलगद काढतो. कितीतरी वेळा मोडलं. “श्रीनिवास” म्हणून झालं की पुढे नुसतंच “नको, नको” यायचं. मी परत पहिल्यापासून धरायची. मला घाई नव्हती. पहिलीच्या वर्गानं मला तेवढं शिकवलं होतं, आणि रागानं उरलेलं.

कशासाठी शिकवतेय, हे मी आईला सांगितलं नाही. पोरांनाही आपण कुठे सांगतो, ही बाराखडी तुम्हाला पुढे कशाला लागणार आहे ते. ज्या दिवशी पूर्ण वाक्य चालीशिवाय, ठेक्याशिवाय आलं, त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. आई मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, दमली असेल.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. वाक्य पक्कं होत गेलं तसे तिचे आधीचे शब्द कमी ऐकू येऊ लागले. वरणात मीठ हवं का विचारलं तरी उत्तर यायचं, “श्रीनिवास, मला पुण्याला ने.” शेवंताबाई हसून हसून लोळायची. “म्हातारीला दुसरं कायबी सुचंना झालंय!” मी म्हटलं, पाठांतराचं असंच असतं, नवं आलं की काही दिवस तेच तेच येतं.

कार्यक्रमाच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं होतं. वहिनींनी मला सकाळीच सांगितलं, “वन्सं, तुम्ही आईंना तयार करून आणा, बाकी आम्ही बघतो.” पूजेला दादा-वहिनी जोडीनं बसले. ओवाळायला सवाष्णी रांगेनं आल्या. यातल्या कुठल्याच रांगेत माझी जागा नव्हती. माझी जागा आईच्या खुर्चीमागे होती, कारण तिला दोन्ही खांद्यांना धरलं नाही तर ती उजवीकडे घसरायची. ताटातले एक्क्याऐंशी दिवे मला एकच मोठा पिवळा डाग दिसत होते. त्या डागामागून बायकांचे आवाज येत होते. “काय नशीबवान म्हातारी!” “असे मुलगे आता कुठे बघायला मिळतात?” “सुनेनं केलं म्हणून बरं.”

मग दादानं माईक घेतला. माईक हातात आला की दादाला तो सोडवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. गणपतीच्या मंडपात तो आरतीनंतरही माईकपाशी घोटाळायचा. तो आईच्या कष्टांवर बोलला, स्वतःच्या बालपणावर बोलला, मातृऋण फेडता येत नाही असं म्हणाला. “आई आजारी पडली, पण आम्ही तिला एक क्षण एकटं वाटू दिलं नाही,” असं म्हणताना त्याचा आवाज खरोखर भरून आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. माझे हात आईच्या खांद्यांवर होते. तिला मी जरा सरळ केलं.

“आता आईनं आपल्या सगळ्यांना आशीर्वाद द्यावा,” दादा म्हणाला आणि माईक तिच्या तोंडाशी नेला. त्याला वाटलं असणार, ती “बाई” किंवा “पुरे” काहीतरी पुटपुटेल आणि लोक टाळ्या वाजवतील.

मी खुर्चीच्या पाठीवर बोटानं ठेका धरला. एकदा. आई गप्प. दुसऱ्यांदा. तिची मान जरा वर झाली.

“श्रीनिवास,” आई म्हणाली.

दादा हसतमुखानं वाकला. “हां आई?”

“मला पुण्याला ने.”

ते वाक्य माईकमधून गेलं, भिंतींवर आपटलं आणि परत आलं. वाचा गेलेली बाई अख्खं वाक्य बोलली होती. मग लातूरचे अण्णामामा, जे कानानं जरा कमी होते, पहिल्या रांगेतून ओरडले, “काय म्हणाली? काय म्हणाली ताई?”

“पुण्याला ने म्हणाल्या,” कुणीतरी सांगितलं.

“अरे मग ने की! श्रीनिवास, ने तिला! आजच ने! तोंडातून शब्द निघाला माझ्या बहिणीच्या!” मामांना रडू कोसळलं. गुरुजींनी हात जोडले आणि म्हणाले, “आजच्या दिवशी मातेची इच्छा म्हणजे आज्ञाच समजायची.” टाळ्या सुरू झाल्या. दादाच्या ऑफिसातले साहेब उठून त्याचा हात हातात घेऊन हलवू लागले. “भाग्यवान आहात हो. आईला तुमचीच ओढ.”

मला दादाचा चेहरा नीट दिसला नाही, याचं दुःख मला आजही आहे.

“नेऊ या की,” तो माईकमध्ये म्हणाला. “आईनं म्हटलं म्हणजे काय, प्रश्नच नाही.”

जेवणावळ चालू असताना वहिनी मला हात धुवायच्या जागी गाठून म्हणाल्या, “वन्सं, हे तुम्हाला माहीत होतं?”

“आईच्या मनातलं मला कसं माहीत असणार?” मी म्हटलं. “तिला तुमची आठवण येत असेल.”

संध्याकाळी आईला गाडीत ठेवताना वहिनींना मी एकेक गोष्ट दाखवली. कूस कशी बदलायची, घास कुठल्या गालात द्यायचा, चादरीला सुरकुती कशी राहू द्यायची नाही. वहिनी मान हलवत होत्या, पण लक्ष सगळं पाहुण्यांकडे होतं. आई मागच्या सीटवर उशांमध्ये बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. शेवंताबाई गाडी गेलेल्या रस्त्याकडे बघत म्हणाली, “गेली बगा तुमची वरात.” आणि आम्ही दोघी रस्त्यातच हसत सुटलो.

आठवड्यातच माझं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब घालायला शेवंताबाई यायची, हात तीन तीनदा धुऊन. तरी तिच्या हाताला पिठाचा वास यायचाच. पट्टी निघाली त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, की तिच्या नाकावर तीळ आहे. इतकी वर्षं शेजारी राहून मला तो माहीत नव्हता.

पुण्याहून फोन मात्र पहिल्या दिवसापासून येत होते.

“हेमा,” दादा म्हणाला, “आई सारखं तेच म्हणते गं. मला पुण्याला ने. तिला सांगतोय, तू पुण्यातच आहेस. खिडकीतून दाखवलं. तरी तेच.”

“सवय होईल,” मी म्हटलं.

नंतर वहिनींचा. “वन्सं, भूक लागली तरी तेच, कूस बदलायची असली तरी तेच. आम्हाला काही कळत नाही हो काय हवंय ते. परवा तर शेजारच्या कुलकर्णीबाई विचारायला आल्या, की तुम्ही आईंना पुण्याला का नेत नाही? त्यांना वाटलं, आमचं गाव दुसरं आहे!”

फोन ठेवून मी पोट धरून हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी ते फोन पुन्हा आठवत बसले. दादा म्हणाला होता, दुसरा एकही शब्द नाही. “नको”सुद्धा नाही. मला पहिलीतला एक मुलगा आठवला. तपासनीस येणार म्हणून मुख्याध्यापकांनी त्याच्याकडून एकच उतारा घोकून घेतला होता, आणि नंतर कितीतरी दिवस तो कुठलंही पुस्तक उघडलं तरी तोच उतारा म्हणायचा. मी आईचं तेच केलं की काय? सूड दादावर उगवायचा होता. पण मी कोंबलेल्या वाक्यानं आईचे कष्टानं परत आलेले शब्द खाऊन टाकले असतील, तर? तिला तहान लागली तर ती काय सांगणार? दुखलं तर?

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटेची पुण्याची एसटी धरली. मनाशी पक्कं केलं होतं, तिला घेऊनच यायचं. हरले तर हरले.

तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना दम लागला. दार वहिनींनी उघडलं. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. “बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “वन्सं, खरं सांगू? मी आता झोपेत म्हणते, श्रीनिवास, मला पुण्याला ने. हे मला उठवून विचारतात, तुला काय झालं?”

मला वाईट वाटलं पाहिजे होतं. थोडंसं वाटलंही.

“आई कुठाय?”

“आतल्या खोलीत. हे अंघोळीला गेलेत. तुम्ही बसा त्यांच्याजवळ, मी तेवढी चटणी वाटून घेते.”

खोली स्वच्छ होती. चादरीला सुरकुती नव्हती, हे मी आधी पाहिलं. आई पलंगावर टेकून बसली होती, जरा वाळली होती, पण केस नीट विंचरलेले. वेणी वेडीवाकडी, उंच बांधलेली, पुरुषी हातानं घातल्यासारखी. मी तिच्यासमोर बसले. तोंड उघडायची मला भीती वाटत होती.

“आई,” मी शेवटी म्हटलं, “काय हवंय तुला?”

तिनं दाराकडे पाहिलं. स्वयंपाकघरात मिक्सर किंचाळत होता, न्हाणीघरात पाणी पडत होतं. मग ती माझ्याकडे वळली.

“पाणी,” ती म्हणाली.

अगदी स्वच्छ. मी उशाशी ठेवलेलं भांडं उचललं. मी तिला घोट घोट पाणी पाजलं. तिनं तोंड पुसून घेतलं आणि डावा हात उचलून माझ्या भुवईला लावला.

“डोळा?”

“दिसतंय गं. सगळं दिसतंय.”

“बरं,” आई म्हणाली.

हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. निदान मी तरी नव्हते. मी आवाज खाली आणला. “आई, मी तुला न्यायला आलेय. येतेस घरी?”

“नको.”

“अगं, इथे तुला...”

“नको,” ती परत म्हणाली, जरा रागानंच. आणि मग मिक्सरच्या आवाजाच्या दिशेनं हनुवटी उडवून, तोंडाची चांगली बाजू वर उचलून, ती हसली. झटक्यानंतर इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. वाक्य पहिल्यांदा पूर्ण आलं त्या दिवशी ती माझ्याकडे का बघत राहिली होती, ते मला तेव्हा कळलं. दारातून कशी आहेस विचारून पेपर वाचायला जाणारा तो नुसता माझा भाऊ नव्हता, तिचा मुलगाही होता.

न्हाणीघराचं पाणी बंद झालं. दादा टॉवेलनं डोकं पुसत आत आला. आईचा चेहरा क्षणात कोरा झाला, भिंतीसारखा.

“श्रीनिवास,” ती म्हणाली, “मला पुण्याला ने.”

दादा पलंगाच्या कडेवर मटकन बसला. “ऐकलंस? हे असं दिवसभर. आई, अगं तू पुण्यातच आहेस गं!”

“श्रीनिवास, मला पुण्याला ने.”

मी खिडकीकडे तोंड केलं, नाहीतर सगळं फुटलं असतं.

“तुझ्याशी काही बोलली का?” दादानं विचारलं.

“नाही.”

त्यानं टॉवेल मांडीवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, “हेमा, हे वाक्य तिला तू शिकवलंस ना?”

यावर खोटं बोलायची मला गरज वाटली नाही. “हो.”

“का?”

“तू हसला होतास म्हणून.”

त्याला ते आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा तो माझ्या डोळ्यांकडे बघून चटकन खाली बघू लागला. रागावेल असं मला वाटलं होतं, पण त्याच्यात रागावण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. “बरं, झालं ते झालं,” तो म्हणाला. “आता दुसरं काहीतरी शिकव तिला. तू शिक्षिका आहेस. निदान साधं पाणी तरी मागता येऊ दे.”

“शिकवते,” मी म्हटलं. “पण तिला नाही, तुला.”

मी त्याला स्टूल आणायला लावलं. आईच्या अगदी समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. तिचा डावा हात त्याच्या हातात दिला. “हा असा धरायचा. ठेका धरायचा. तिच्या ओठांकडे बघायचं, घड्याळाकडे नाही. रोज सकाळी, चहाच्या आधी. चुकली तर चिडायचं नाही, परत पहिल्यापासून.”

“किती दिवस?”

“येईपर्यंत.”

“तुझ्या डोळ्याचं आता झालंय ना? मग दिवाळीला...”

“दिवाळीनंतर बघू. ओट्यावर पोरं बसायला लागलीत माझी. त्यांच्या सहामाहीपर्यंत मला हलता येणार नाही.”

दादानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि घसा खाकरला. त्याच्या हातात तिचा हात होता. शेवटचा कधी धरला असेल कोण जाणे.

“आई,” तो म्हणाला, “म्हण. पा... णी.”

आईनं त्याच्याकडे अतिशय शांतपणे, शहाण्या विद्यार्थिनीसारखं पाहिलं.

“श्रीनिवास, मला पुण्याला ने.”

“नाही. परत. पा... णी.”

मी पिशवी उचलली. त्याच्या खांद्यावरून आईची आणि माझी नजरानजर झाली. तिनं पापणीसुद्धा लववली नाही. वहिनींना येते म्हणून मी बाहेर पडले. दार उघडंच राहिलं होतं. जिना उतरताना मला सगळ्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या, आणि वरून दादाचा आवाज येत होता. पहिल्या मजल्यापर्यंत तो येतच राहिला, पहिल्यापेक्षा जरा हळू, जरा मऊ. “पा... णी. म्हण आई. पा... णी.”